फॉर्मॅटचा दर सांगण्याआधी

धारगळच्या महामार्गापासून पेडण्याच्या बाजारापर्यंत आणि पलीकडे डिचोली-साखळीपर्यंत कुठल्याही संगणक दुरुस्तीच्या दुकानात जा, एक दर सगळ्यांना तोंडपाठ असतो. गिऱ्हाईक जुना लॅपटॉप काउंटरवर ठेवते, ‘हँग जाता, मातसो फॉर्मॅट मारून दी’ म्हणते, आणि आपण झाकण उघडण्याआधीच आकडा सांगून मोकळे होतो. संध्याकाळी मशीन परत, पैसे गल्ल्यात. हा आकडा सांगणे आता बंद करावे, एवढेच या अंकात आमचे म्हणणे आहे. फॉर्मॅट मारू नये असे नाही. पण आकडा आधी सांगितला की काम आधीच ठरते आणि मशीनकडे बघायचे राहून जाते. आपल्याच धारगळात २०२२ च्या डिसेंबरपासून अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानाचे रुग्णालय उभे आहे. तिथे कोणी ‘काढ्याचे किती?’ असे दारातच विचारले तर वैद्य आधी त्याला बसवून घेईल.

जुना लॅपटॉप मंद होण्याची कारणे आपल्या भागात बरीचशी विंडोजच्या बाहेरची असतात. पहिला संशयित डिस्क. सात-आठ वर्षांपूर्वीच्या बहुतेक मशीनमध्ये फिरती हार्ड डिस्क आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टसीटीएल चालवून बघायला पाच मिनिटे लागतात. त्यात ०५ क्रमांकाची ओळ म्हणजे बदलून दिलेले सेक्टर आणि सी-५ म्हणजे वाचता न आल्याने लटकलेले सेक्टर. सी-५ शून्याच्या वर गेलेला दिसला तर त्या डिस्कवर फॉर्मॅट तर सोडाच, एकही नवी फाइल लिहायची नाही. आधी डीडीरेस्क्यूने दुसऱ्या डिस्कवर तिची प्रतिमा उतरवायची, मग पुढचे बोलायचे. अशा डिस्कवर नवे विंडोज टाकले की ते शाबूत सेक्टरवर बसते, पंधरा दिवस मशीन झकास चालते, आणि मग तेच गिऱ्हाईक ‘तुम्ही टाकलेले विंडोज खराब’ म्हणत परत येते. त्याचे म्हणणे चूक आहे हे सिद्ध करायला तेव्हा आपल्याकडे काहीच नसते, कारण पहिल्या दिवशीचा रिपोर्ट आपण घेतलेलाच नसतो.

दुसरा संशयित आपली हवा आणि आपली माती. जून ते सप्टेंबर बंद कपाटात पडलेला लॅपटॉप चतुर्थीनंतर दुकानात येतो तेव्हा रॅमच्या पट्टीवर आणि कनेक्टरवर दमटपणाचा थर असतो. डिचोली-मये-शिरगाव पट्ट्यातल्या मशीनच्या पंख्यात लाल धूळ घट्ट बसलेली असते. खाणी २०१२ मध्ये थांबल्या, पुन्हा चालू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, पण पंख्यातल्या धुळीला कोर्टाचे आदेश कळत नाहीत. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो, आणि तो कमी झालेला वेग गिऱ्हाइकाला ‘व्हायरस’ वाटतो. पंखा उघडून साफ करणे, थर्मल पेस्ट बदलणे, रॅमचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे, मेमटेस्टची एक पूर्ण फेरी होऊ देणे, एवढे केल्यावर कित्येक मशीनना फॉर्मॅटची गरजच उरत नाही.

मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल तर फारच विसरला जातो. तो मेला की मशीनची तारीख मागे जाते. तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाला धोक्याचा इशारा देतो, अपडेट अडकते, अ‍ॅक्टिव्हेशनही अडकते. मग गिऱ्हाईक म्हणते नेट चालत नाही, आणि आपण फॉर्मॅट मारतो. नव्या विंडोजमध्येही तारीख चुकीचीच येते. काही मॉडेलमध्ये हा सेल प्लॅस्टिकच्या आवरणात, दोन तारांसह कीबोर्डखाली असतो. तिथवर पोचायला वेळ लागतो म्हणून तो टाळला जातो, हे आपण सगळे जाणतो.

डेटाच्या बाबतीत आपल्या भागात एक श्रद्धा आहे की डी ड्राइव्ह सुरक्षित. गिऱ्हाईक म्हणते ‘सगळे डी मध्ये आहे, सी उडवा’. पण डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे तिन्ही फोल्डर सी वरच असतात. लग्नाचे फोटो डेस्कटॉपवर, मुलीचा प्रकल्प डाउनलोड्समध्ये. शिवाय बहुतेक मशीनमध्ये सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन नावे आहेत. डिस्क गेली की दोन्ही जातात. म्हणून ‘बॅकअप घेतला का?’ हा प्रश्न कामाचा नाही, त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असते. या मशीनवर तुम्ही काय काय करता, हे विचारायला हवे. हिशेब असतील तर टॅली, आणि टॅलीचा डेटा पुष्कळदा डॉक्युमेंट्समध्ये नसतो, तो सी च्या मुळाशी टॅलीच्या स्वतःच्या फोल्डरात किंवा पब्लिक यूजरखाली बसलेला असतो. जीएसटी किंवा निविदा भरत असतील तर डिजिटल सहीचा टोकन आणि त्याचा ड्रायव्हर. आउटलूक असेल तर पीएसटी फाइल. हरमल, मांद्रे, मोरजीला खोल्या भाड्याने देणारा असेल तर परदेशी पाहुण्यांचा फॉर्म-सी भरायचे लॉगिन ब्राउझरमध्ये साठवलेले असते आणि त्याला पासवर्ड पाठ नसतो. पाहुणा आल्यापासून २४ तासांत तो फॉर्म जायला हवा. त्या रात्री लॉगिन सापडले नाही तर तो आपल्यालाच फोन करणार.

आणि फॉन्ट. पेडणे तालुक्यात मराठी नाटकवाले कमी नाहीत. कला अकादमीच्या स्पर्धेला दिलेली संहिता, देवस्थानाच्या जत्रेचे पत्रक, भजनी मंडळाची पोथी, यातले बरेच काही श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले आहे. फॉर्मॅटनंतर फाइल जशीच्या तशी परत केली तरी फॉन्ट परत न टाकल्यास पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो, आणि लेखकाला वाटते की आपण नाटक उडवले. सी ड्राइव्हवरचे फॉन्ट्सचे फोल्डर आधी उचलून ठेवायचे, श्रीलिपीचा यूएसबी लॉक असेल तर त्याच्या ड्रायव्हरची सीडी मागून घ्यायची. जमल्यास त्या फाइली युनिकोडमध्ये बदलून देण्याचे काम वेगळे घ्यावे. त्याला मागणी आहे आणि आपल्यापैकी फार थोडे ते करतात.

आता प्रत्यक्ष इन्स्टॉलेशन. यात शिकवण्यासारखे फार उरलेले नाही, फक्त एका ठिकाणी अजूनही लोकांचा डेटा जातो, आणि तिथे थोडे थांबायला हवे. पेनड्राइव्हवरून सेटअप सुरू होतो, डिस्क निवडल्यावर विंडोज सांगते की ही डिस्क एमबीआर पद्धतीची आहे, ईएफआय मशीनवर फक्त जीपीटी डिस्क चालते. किंवा नेमके उलटे. अशा वेळी बरेच जण शिफ्ट आणि एफ-१० दाबून डिस्कपार्ट उघडतात आणि ‘क्लीन’ लिहितात. संदेश गेला, सोबत डी ड्राइव्हही गेला. वास्तविक त्या संदेशाचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो की पेनड्राइव्ह चुकीच्या पद्धतीने बूट झाला आहे. बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नावाआधी ‘यूईएफआय’ लिहून आणि एकदा त्याशिवाय. जुने विंडोज ज्या पद्धतीत होते त्या पद्धतीची ओळ निवडली की विंडोज १० निमूट पुढे जाते. एमबीआरचे जीपीटी करायचेच असेल तर २०१७ च्या विंडोज १० पासून एमबीआर२जीपीटी नावाची आज्ञा विंडोजमध्येच आहे, ती डेटाला धक्का न लावता बदल करते. तिच्याआधीही बॅकअप हवाच, पण ‘क्लीन’ हा पहिला उपाय नव्हे, शेवटचा. आणि मशीनमध्ये दुसरी डिस्क असेल तर काम सुरू करण्याआधी ती चक्क काढून बाजूला ठेवावी. जी डिस्क जोडलेलीच नाही ती चुकून पुसली जात नाही.

२०१८-१९ च्या काही लॅपटॉपमध्ये १६ जीबीचे ऑप्टेन मोड्यूल फिरत्या डिस्कच्या जोडीला असते. ते इंटेलच्या प्रोग्राममधून बंद न करता उपटले तर डिस्कवरचा डेटा वाचता येईनासा होऊ शकतो. ११व्या पिढीच्या इंटेल मशीनवर सेटअपला डिस्कच दिसत नाही, तेव्हा डिस्क मेलेली नसते, व्हीएमडीचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर हवा असतो. बायोसमध्ये शिरून सेटिंग बदलण्याची घाई नको.

यापुढचा प्रश्न मोठा आहे: टाकायचे काय? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.०, सिक्युअर बूट आणि इंटेलचा किमान ८व्या पिढीचा प्रोसेसर लागतो. ही पिढी २०१७ च्या उत्तरार्धात बाजारात आली. म्हणजे त्याआधी घेतलेले जवळपास प्रत्येक मशीन यादीबाहेर. रुफससारख्या प्रोग्रामने या अटी ओलांडून ११ टाकता येते आणि आपल्या भागात ते सर्रास होते आहे. आमचा त्याला सरसकट विरोध नाही. विरोध न सांगता टाकण्याला आहे. अटी ओलांडलेल्या मशीनला पुढची मोठी आवृत्ती आपोआप मिळेल याची खात्री नसते. २४एच२ आवृत्तीने तर पॉपसीएनटी आणि एसएसई ४.२ या सूचना नसलेले जुने प्रोसेसर पूर्णच नाकारले. तिथे कोणतीही युक्ती चालत नाही. गिऱ्हाइकाला हे चार वाक्यांत समजावता येते आणि पावतीवर एका ओळीत लिहिता येते.

विंडोज १० वरच राहणे हाही सध्या भ्याडपणा नाही. २२एच२ आवृत्तीचे मशीन मायक्रोसॉफ्ट खात्याने ईएसयू योजनेत नोंदवले तर सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, आणि सेटिंग्ज त्या खात्याशी सिंक केल्या तर पैसेही लागत नाहीत. दुकानात येणाऱ्या किती मशीनवर ही नोंद झालेली असते हे प्रत्येकाने आपापल्या काउंटरवर बघावे. आम्हाला वाटते, सापडणारे आकडे आपल्याला शोभणारे नसतील. सिक्युअर बूटची २०११ सालची प्रमाणपत्रेही जून २०२६ पासून मुदतबाह्य होऊ लागतात. त्याने मशीन बंद पडणार नाही, पण अपडेट न घेणाऱ्या मशीनची बूटपातळीवरची सुरक्षा तिथेच गोठेल.

तिसरा मार्ग लिनक्सचा. गोव्यात तो नवा नाही. शतकाच्या सुरुवातीला गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्टने अमेरिकेतून वापरलेले संगणक इथल्या शाळांसाठी आणले, आणि ती मशीन त्या काळचे नवे विंडोज पेलणार नाहीत हे ओळखून त्यांवर लिनक्स बसवले. एलटीएसपी पद्धतीने एक बऱ्यापैकी ताकदीचा सर्व्हर काम करत असे आणि जुनी मशीन फक्त पडदा व कीबोर्ड म्हणून वागत. त्याच दशकात सरकारच्या सायबरएज योजनेने अकरावीच्या मुलांच्या घरी संगणक पोचवले. या दोन्ही प्रयत्नांची तुलना करायची ही जागा नाही. पण पहिल्या प्रयत्नातली विचारांची दिशा आज आपल्याला उपयोगी आहे: मशीनला काय पेलते ते आधी ठरवायचे, मग त्यावर काय चालवायचे ते.

आज ४ जीबी रॅमच्या, ५व्या-६व्या पिढीच्या मशीनवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती चांगली चालते. मिंट २२ चा आधार २०२९ पर्यंत आहे. ज्याचे काम ब्राउझरमध्येच संपते, त्या खोलीमालकाला किंवा पेन्शनर गुरुजींना ती पुरे. जुन्या ब्रॉडकॉम वायफाय कार्डाला ड्रायव्हर सहसा वेगळा घ्यावा लागतो. तेवढ्यापुरता फोन यूएसबीने जोडून नेट द्यावे. मराठी टायपिंगसाठी इन्स्क्रिप्ट मांडणी आयबसमध्ये जोडून द्यावी, नाहीतर गुरुजी दुसऱ्याच दिवशी ‘मराठी येत नाही’ म्हणून दारात उभे राहतील. पण टॅली, श्रीलिपी किंवा डिजिटल सहीचा टोकन वापरणाऱ्याला लिनक्स देऊन ‘शिकून घ्या’ म्हणणे हा आपला हट्ट झाला. ३२ बिटी प्रोसेसरची मशीन तर आता निरोप देण्याच्याच लायकीची. डेबियननेही २०२५ च्या तेराव्या आवृत्तीपासून त्यांच्यासाठीचा इन्स्टॉलर काढून टाकला.

या सगळ्यापेक्षा जास्त नुकसान आपण एका सवयीने करतो. आपल्या बाजारात विंडोज ८ पासूनचे बहुतेक ब्रँडेड लॅपटॉप सिंगल लँग्वेज या परवान्यासह विकले गेले आणि त्या परवान्याची चावी मशीनच्या फर्मवेअरमध्येच असते. विंडोज १० एकदा अ‍ॅक्टिव्हेट झालेल्या मशीनची नोंद मायक्रोसॉफ्टकडेही असते. अशा मशीनवर तीच होम सिंगल लँग्वेज आवृत्ती टाकली की नेट जोडताच ती आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते, चावी टाइप करावी लागत नाही. पण आपल्या पेनड्राइव्हवर सवयीने ‘प्रो’ असते. प्रो टाकले की परवाना जुळत नाही, मग क्रॅक मारला जातो, क्रॅक चालावा म्हणून डिफेंडर बंद होतो. गिऱ्हाइकाने मशीनसोबत पैसे मोजून घेतलेला परवाना आपण फुकटात फेकून दिला आणि वर दरवाजाची कडी काढून ठेवली. कॉपीराइट कायद्याच्या ६३-बी कलमात जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे, आणि तो वापरणारा म्हणजे आपले गिऱ्हाईक. पुसण्याआधी सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानाचा फोटो काढून ठेवा, कोणती आवृत्ती ते बघा आणि तीच टाका. विंडोज ७ च्या तळाच्या स्टिकरवर मात्र विसंबू नका; सप्टेंबर २०२३ नंतर त्या चाव्यांनी १० किंवा ११ नव्याने अ‍ॅक्टिव्हेट होत नाही.

मायक्रोसॉफ्ट खात्याचेही असेच. घाईत दुकानाच्या खात्याने लॉगिन करून मशीन देऊन टाकायचे आणि ‘मग बदला’ म्हणायचे, हे ताबडतोब थांबायला हवे. २४एच२ पासून स्वच्छ इन्स्टॉलेशनमध्ये योग्य हार्डवेअरवर डिस्कचे एन्क्रिप्शन आपोआप सुरू होते आणि त्याची किल्ली ज्या खात्याने लॉगिन केले त्या खात्यात जाते. दीड वर्षाने बायोस अपडेटनंतर मशीन ४८ अंकी किल्ली मागते, आणि ती किल्ली आपल्या दुकानाच्या, कदाचित सोडून गेलेल्या पोऱ्याने उघडलेल्या खात्यात पडलेली असते. खाते गिऱ्हाइकाचे, त्याच्या फोन नंबरावर, त्याच्यासमोर. त्याला जमत नसेल तर घरातला कोणी तरुण बोलावून घ्यावा.

सुटे भाग हा आपला जुना दुखरा विषय. तुये येथील इलेक्ट्रॉनिक्स सिटीच्या घोषणा ऐकून वर्षे लोटली, पण डीडीआर-३ एल रॅमची एक पट्टी हवी तर म्हापसा गाठावे लागते. घाईत साधी डीडीआर-३ लावू नये, चौथ्या-पाचव्या पिढीच्या मशीन १.३५ व्होल्टचीच पट्टी मागतात आणि चुकीची लावली तर पडदा काळाच राहतो. गेल्या वर्षाच्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत, तेव्हा पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर ते फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवण्यात घालावेत. जुन्या मशीनला त्याहून मोठा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

राहिला दर. तपासणीचा वेगळा, डेटा काढण्याचा वेगळा, इन्स्टॉलेशनचा वेगळा, असे तीन दर काउंटरवर लिहून लावा. तपासणीचे पैसे गिऱ्हाईक देत नाही, शेजारचा फुकट करतो, ही तक्रार आम्ही ऐकली आहे. ज्याच्या हातात डिस्कचा छापील रिपोर्ट दिला जातो तो पैसे देतो; ज्याला नुसते ‘चेक केले’ सांगितले जाते तो देत नाही. पावतीवर मशीनचा मॉडेल, डिस्कची अवस्था, आधीची आवृत्ती, टाकलेली आवृत्ती, अटी ओलांडल्या असतील तर तसा उल्लेख, आणि डेटा कुठे उतरवला ते लिहावे. उतरवलेला डेटा किती दिवस ठेवणार आणि मग पुसणार, हेही लिहावे. तो डेटा दुसऱ्याचा आहे. वर्षभर दुकानाच्या डिस्कवर पडून राहावा असा नाही.

आणि ज्यांच्या मशीनवर आज विंडोज १० टाकून ईएसयूला जोडून देत आहात, त्यांची नावे व फोन वहीत वेगळ्या पानावर काढून ठेवा. यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. मुदत संपते १३ ऑक्टोबरला. गणपती विसर्जनानंतर हाती येणाऱ्या तेवढ्या आठवड्यांत त्या सगळ्यांना फोन लावून पुढे काय करायचे ते ठरवावे लागेल.